खांब उभे राहिले, भिंती का पडल्या?

 

इतिहास म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे गड-किल्ले येतात, राजवाडे येतात. पण आपल्या आजेसासूने ज्या उंबऱ्यावरचं माप ओलांडलं, तो उंबराही इतिहासच आहे. ज्या माजघरात चार पिढ्यांची बाळंतपणं झाली, ज्या बळदात दुष्काळातली ज्वारी राखली, ते घर कुणी पुस्तकात लिहिलेलं नसतं. ते भिंतीत, खांबात, माळवदात लिहिलेलं असतं. आज गावोगावी अशी घरं पाडली जात आहेत. काही पाडावी लागतात, काही मात्र उगाच पाडली जातात. पाडायचं की राखायचं हे ठरवण्याआधी ते घर उभं कशावर आहे, हे कळायला हवं. मराठवाड्यातल्या हजारो घरांना ते एका पहाटे कळलं, आणि त्याची किंमत फार मोठी होती. त्या घरांचीच गोष्ट आज सांगते.

खणाखणांचं घर

लातूर, धाराशिव, बीड, सोलापूर या भागात पिढ्यान्‌पिढ्या माळवदाची घरं बांधली गेली. पाऊस कमी, ऊन कडक. अशा मुलखात जाड दगडी भिंती आणि वर मातीचं सपाट छप्पर ही सोयीची गोष्ट होती. उन्हाळ्यात आत गारवा, थंडीत ऊब. माळवदावर मिरच्या वाळवायच्या, पापड-कुरडया घालायच्या, उन्हाळ्याच्या रात्री वर जाऊन झोपायचं.

हे घर खणांनी मोजलं जाई. दोन तुळयांमधली जागा म्हणजे एक खण. कुणाचं घर पाच खणांचं, कुणाचं नऊ खणांचं, पाटलाचा वाडा त्याहून मोठा. सोयरीक जुळवताना सुद्धा "घर किती खणांचं?" हा प्रश्न निघायचा.

घराचा सांगाडा लाकडाचा. खाली दगडाचा तळखडा, त्यावर खांब, खांबाच्या डोक्यावर हस्त, हस्तावर तुळई, तुळयांवर आडवी लाकडं, त्यावर किलचन म्हणजे फळ्यांचा किंवा काटक्यांचा थर, आणि सगळ्यांत वर माती. श्रीमंताच्या घरी सागवान, साध्या घरी बाभूळ किंवा कडुलिंब. सुतार लाकडाला खाचा पाडून एकमेकांत बसवत. चांगल्या सुताराच्या कामात खिळा शोधूनही सापडत नसे.

सांगाड्याच्या बाहेरून दगडी भिंत. दोन फूट, तीन फूट, कुठे त्याहूनही जाड. बाहेरून पाहिलं तर बुरुजच वाटावा. पण ही भिंत एकजीव नसायची. बाहेरच्या बाजूला दगडांचा एक थर, आतल्या बाजूला दुसरा थर, आणि दोन्हींच्या मध्ये बारीक दगडगोटे आणि चिखल भरलेला. म्हणजे दिसायला एक, पण खरं तर पाठीला पाठ लावून उभ्या असलेल्या दोन भिंती. दोघींना धरून ठेवणारा लांब दगड, या बाजूपासून त्या बाजूपर्यंत आरपार जाणारा दगड, बहुतेक भिंतींत नसायचाच. एवढा लांब दगड घडवायचा म्हणजे वेळ आणि पैसा. भिंत तर त्याच्याशिवायही उभी राहत होती. मग कोण विचारतो?

दरवर्षी एक थर

आता माळवदाकडे या. ही गोष्ट तुमच्यातल्या कितीतरी जणींनी स्वतःच्या हाताने केलेली असेल.

मृग जवळ आला की माळवदाची डागडुजी निघायची. गावच्या पांढरीची माती आणायची, पसरायची, पाणी शिंपडून चोपायची. पन्हाळी मोकळ्या करायच्या. भेगा बुजवायच्या. खाली घरात भिंतींना चिखल आणि भुश्शाचा गिलावा द्यायचा, शेणाने सारवायचं, पांढऱ्या मातीचा हात फिरवायचा. ही सगळी कामं मुख्यतः बायांची. कुणी त्यांना घराची दुरुस्ती म्हटलं नाही आणि त्यांची मजुरीही कुणी धरली नाही. पण हे हात एक-दोन पावसाळे थांबले, की घर गळायला लागतं आणि मग पडायला लागतं. ओसाड पडलेल्या वाड्याकडे पाहा. दगड तेच, लाकूड तेच. गेले ते फक्त हे हात.

पण या काळजीतच एक धोका दडलेला होता. छप्पर गळलं की माती टाकायची, पुढच्या वर्षी गळलं की आणखी टाकायची. जुनी माती काढून नवी घालणं हे फार कष्टाचं काम, त्यामुळे ते क्वचितच व्हायचं. थरावर थर चढत गेले. आजोबांच्या काळात वीतभर असलेली माती नातवाच्या काळात दीड फूट, दोन फूट, काही ठिकाणी अडीच फुटांपर्यंत गेली.

जरा हिशेब करू या. खोली दहा फूट लांब, दहा फूट रुंद. तिच्यावर दोन फूट माती. म्हणजे २०० घनफूट माती. तिचं वजन होतं साधारण ९ टन, म्हणजे ९० क्विंटल. ज्वारीचं ५० किलोचं पोतं धरलं तर १८० पोती! एका खोलीच्या डोक्यावर रात्रंदिवस १८० पोती रचलेली आहेत आणि खाली लेकरं झोपली आहेत. शिवाय हे वजन कोरड्या मातीचं. पावसात भिजलेली माती त्याहून जड.

३० सप्टेंबर १९९३

त्या वर्षी अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून गावं दमून झोपली होती. ३० सप्टेंबरच्या पहाटे, चारला काही मिनिटं कमी असताना, जमीन हादरली. औसा तालुक्यातलं किल्लारी आणि त्याच्या आसपासची लातूर, धाराशिव जिल्ह्यांतली गावं काही सेकंदांत ढिगारा झाली. आठ हजारांच्या आसपास माणसं गेली.

भूकंप काही जगातला सर्वांत मोठा नव्हता. त्याहून मोठे भूकंप कमी जीवितहानी करून गेलेले आहेत. शिवाय देशाच्या भूकंपाच्या नकाशात हा भाग त्या वेळी सर्वांत कमी धोक्याचा मानला जाई. मग इतकी माणसं का गेली? ती झोपेत होती, हे एक कारण. आणि दुसरं कारण त्यांची घरं.

नंतर अभियंत्यांनी गावोगाव फिरून पाहणी केली, तेव्हा काही गोष्टी स्पष्ट दिसल्या.

पहिली गोष्ट म्हणजे भिंती फुटल्या होत्या. धक्का बसताच बाहेरचा थर बाहेर गेला, आतला थर आत कोसळला, आणि मधला चिखल-गोटे खाली घसरले. धरून ठेवणारा आरपार दगड नव्हता. कोपऱ्यांत दोन भिंती एकमेकींत नीट गुंफलेल्या नव्हत्या, तिथे त्या आधी उकलल्या.

दुसरी गोष्ट छपराची. जिथे छपराचा भार थेट भिंतीवर होता, तिथे भिंत गेली आणि क्विंटलांनी माती खाली आली. माणसं दगडाने जखमी झाली आणि मातीने गुदमरली.

तिसरी गोष्ट आपल्या आजच्या विषयासाठी फार मोलाची आहे. जिथे छप्पर लाकडी खांबांवर होतं आणि खांब, हस्त, तुळई यांचे जोड शाबूत होते, तिथे पुष्कळ ठिकाणी भिंती पडल्या तरी सांगाडा उभा राहिला. वर माळवद, खाली खांब, आणि चारी बाजूंनी दगडांचा खच. जुन्या सुताराचं काम टिकलं होतं. तरीही आतल्या बाजूला पडलेल्या दगडांनी माणसं मारलीच. म्हणून ही घरं सुरक्षित होती असं म्हणता येणार नाही. पण सांगाड्याने दिलेली ताकद खरी होती.

आणि चौथी गोष्ट. गावाच्या कडेला कुडाच्या भिंतींच्या, गवताच्या छपराच्या ज्या झोपड्या होत्या, त्यांतली माणसं जास्त वाचली. छप्पर हलकं होतं, अंगावर पडलं तरी जीव घेत नव्हतं. दगडी वाड्यात राहणं हा मान होता. त्या पहाटे मानाचं घर जास्त जीवघेणं ठरलं.

जुनं सगळंच वाईट ठरलं

भूकंपानंतर लोकांच्या मनात दगडाची भीती बसली, आणि ती साहजिकच होती. ज्या दगडाखालून आपली माणसं काढली, त्या दगडाच्या घरात पुन्हा कोण झोपेल? कितीतरी दिवस लोक अंगणात, पालाखाली राहिले.

सरकारने जागतिक बँकेच्या कर्जातून १९९४ पासून मोठा पुनर्वसन कार्यक्रम हाती घेतला. सर्वाधिक नुकसान झालेल्या ५२ गावांचं नव्या जागी पुनर्वसन झालं. सरळ रस्ते, आखलेले प्लॉट, सिमेंटची घरं. बाकीच्या शेकडो गावांत मात्र घरं पूर्ण पडली नव्हती. भिंतीला भेगा, कोपरा उकललेला, माळवद खचलेलं, अशी त्यांची अवस्था होती. त्यांच्यासाठी होता दुरुस्ती आणि मजबुतीकरणाचा कार्यक्रम. यात घरं होती दोन लाखांच्या आसपास. घरमालकाने स्वतः काम करून घ्यायचं, सरकारने टप्प्याटप्प्याने पैसे आणि साहित्य द्यायचं, अभियंत्याने मार्गदर्शन करायचं, अशी ती योजना होती.

इथे बाया पुढे आल्या. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या मदतीने गावोगावच्या महिलांना "संवाद सहायक" म्हणून नेमलं गेलं. शेकडो गावांत या बायांनी काम केलं. सरकारची योजना घरोघरी समजावून सांगायची, महिला मंडळाची बैठक घ्यायची, मजबुतीकरण म्हणजे काय ते दाखवायचं, आलेलं साहित्य योग्य घरी पोचतं का बघायचं, गवंड्याच्या कामावर नजर ठेवायची. ज्यांना तोवर "तुला घरातलं काय कळतं" असं ऐकवलं जाई, त्या बाया भिंतीची जाडी मोजायला लागल्या. आणि तसं पाहिलं तर त्या घराचा कण न्‌ कण त्यांनीच तर सारवला होता. कुठे ओल येते, कुठली तुळई करकरते, कोणत्या कोपऱ्यात उंदीर पोखरतात, हे बाईइतकं कुणाला ठाऊक?

पुढे २००१ साली गुजरातेत कच्छला भूकंप झाला, तेव्हा लातूर-धाराशिवच्या काही बाया तिकडे गेल्या. भाषा वेगळी, पण घर पडलेल्या बाईचं दुःख आणि दगडमातीची भिंत दोन्हीकडे सारखीच. आपण काय केलं, काय चुकलं, हे त्यांनी तिकडच्या बायांना सांगितलं.

तरीही एक गोष्ट कबूल करायला हवी. मजबुतीकरणासाठी मिळालेल्या मदतीतून बहुतेक कुटुंबांनी जुनं घर बळकट करण्याऐवजी विटा-सिमेंटची एक नवी खोली उभी केली. भीती होती, आणि स्लॅबच्या खोलीला प्रतिष्ठाही होती. नवीन खोली नीट बांधली असेल तर ती सुरक्षितच. पण कुटुंब मोठं आणि खोली एक. त्यामुळे जुनं घर वापरात राहिलंच. तिथे चूल राहिली, तिथे धान्य राहिलं, तिथे म्हातारी माणसं राहिली. फक्त त्याची दुरुस्ती राहिली.

मजबुतीकरण म्हणजे नेमकं काय

किल्लारीनंतर अभियंत्यांनी जुन्या घरांसाठी जे उपाय सांगितले, ते ऐकले तर नवल वाटेल. त्यांत घर पाडणं नव्हतंच. रुरकीच्या विद्यापीठात तर अशी दगडी घरं बांधून, त्यांना भूकंपासारखे हादरे देऊन पाहिलं गेलं. साध्या घरापेक्षा बळकट केलेलं घर कितीतरी जास्त धक्के सोसतं, हे तिथे दिसून आलं. हे उपाय असे.

सर्वांत आधी डोक्यावरचा भार कमी करायचा. माळवदावरची जादा माती उतरवायची आणि साधारण आठ इंचच ठेवायची. मघाचा हिशेब आठवा. दोन फुटांची आठ इंच केली की ९० क्विंटलांचे ३० क्विंटल होतात. पाणी गळू नये म्हणून मातीच्या खाली जाड प्लास्टिकचा कागद अंथरायचा. गळती थांबवायला आणखी माती हा जुना उपाय होता, त्याच्या जागी हा कागद येतो.

दुसरा उपाय सांगाड्यासाठी. खांब आणि तुळई जिथे भेटतात त्या कोनात तिरपा लाकडी आधार किंवा लोखंडी पट्टी ठोकायची. त्यामुळे धक्का बसला तरी चौकट तिरपी होऊन कलंडत नाही.

तिसरा उपाय भिंतीच्या पोटासाठी. उभ्या भिंतीतून साधारण तीन-तीन फुटांवर एकेक दगड हलक्या हाताने, ठोके न मारता काढायचा आणि आरपार भोक करायचं. त्यात दोन्ही टोकांना वाकवलेली लोखंडी सळई घालून काँक्रीट भरायचं. म्हणजे जो आरपार दगड बांधताना घातला नव्हता, तो आता घातला. बाहेरची आणि आतली भिंत एकमेकींच्या हातात हात घालून उभी राहते.

चौथा उपाय पट्ट्याचा. पोत्याचं तोंड दोरीने बांधतो तसा भिंतीच्या वरच्या भागात, चारी बाजूंनी, लोखंडी जाळीवर सिमेंटचा पट्टा फिरवायचा. कोपरे उकलत नाहीत.

हे चारही उपाय शिकलेल्या गवंड्याकडून आणि अभियंत्याच्या देखरेखीखालीच करून घ्यायचे. भिंतीला भोक पाडण्याआधी छपराला टेकू द्यावे लागतात, आणि ते कुठे द्यायचे हे जाणकारालाच कळतं. आणि नवी दगडी भिंत बांधत असाल तर दर दोन फूट उंचीला, लांबीत चार फुटांहून जास्त अंतर न ठेवता, आरपार दगड घालायला सांगा. गवंडी कुरकुरेल. सांगा, "हा दगड घातल्याशिवाय पुढचा थर नाही."

पाणी हा खरा शत्रू

भूकंप शंभर वर्षांत एकदा येईल, कदाचित येणारही नाही. पाऊस दरवर्षी येतो. जुनी घरं बहुतेक वेळा पाण्यानेच मरतात. पन्हाळ तुंबते, पाणी भिंतीत मुरतं, आतला चिखल धुपतो, तुळईचं भिंतीत बसवलेलं टोक कुजतं. ओल आली की वाळवी येते. दरीत पिंपळाचं बी पडतं आणि मुळं दगड सरकवतात. मग भिंतीला पोट सुटतं.

यावर आजकाल सगळीकडे एकच उपाय केला जातो, तो म्हणजे सिमेंटचा गिलावा. भिंत गुळगुळीत दिसते, सारवण्याचा त्रास वाचतो. पण मातीच्या जोडणीची भिंत जमिनीतली ओल वर ओढत असते. मातीचा किंवा चुन्याचा गिलावा ती ओल बाहेर सोडतो, म्हणजे भिंत श्वास घेते. सिमेंट तिला कोंडतं. बाहेरून भिंत कोरडी आणि आतून चिखल मऊ, अशी अवस्था होते. काही वर्षांनी सिमेंटचे पोपडे सुटतात, तेव्हा कळतं की आत काय झालं. सिमेंट वाईट नाही. मघाच्या पट्ट्यात आणि आरपार भोकात त्याची गरज आहे. पण मातीच्या भिंतीच्या सगळ्या अंगाला ते थापणं घातक ठरतं.

जुन्या वाड्यांत यासाठी चुना वापरला जाई. बैल जुंपलेल्या घाणीत चुना आणि वाळू मळायची. त्यात गूळ, बेलफळ, हिरडा असं काही ना काही घालायची रीत होती. आज पुरातत्त्व खात्याच्या कामांत पुन्हा चुनाच वापरला जातो, तो याच कारणाने.

नावाचे वाडे आणि बिननावाची घरं

घर गेलं म्हणजे काय जातं, हे पुण्यातल्या भिडे वाड्याने आपल्याला दाखवलं. १८४८ साली बुधवार पेठेतल्या या वाड्यात जोतिराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी मुलींची शाळा सुरू केली. आज तुम्ही-आम्ही गटाच्या वहीवर सही करतो, तिची सुरुवात तिथली. पण वाडा जपला गेला नाही. स्मारक करायचं ठरलं तेव्हा जागेचा वाद वर्षानुवर्षं न्यायालयात चालला, आणि तोवर वाडा पार मोडकळीला आला. अखेर नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाल लागला आणि डिसेंबरात धोकादायक झालेला तो वाडा पाडावा लागला. आता तिथे स्मारक होईल, ते व्हायलाच हवं. पण ज्या उंबऱ्यावरून त्या पहिल्या मुली आत गेल्या, तो उंबरा आता कुणालाच दिसणार नाही. उलट, गंज पेठेतला फुले वाडा वेळेवर जपला गेला. १८६८ साली अस्पृश्य मानलेल्यांसाठी जोतिरावांनी खुला केलेला हौद ज्या अंगणात आहे, ते अंगण आजही आपल्याला पाहता येतं. नायगावला सावित्रीबाईंचं माहेरचं घरही राखलेलं आहे.

ही नावाची घरं. त्यांच्यासाठी सरकार असतं, समित्या असतात. आपल्या गावातल्या बिननावाच्या घरासाठी फक्त आपणच असतो. म्हणून गटाच्या पुढच्या बैठकीत एवढं करा.

गावातली दहा जुनी घरं निवडा आणि जोडीजोडीने फिरून या. प्रत्येक घराचं छप्पर खांबावर आहे की भिंतीवर, ते पाहा. माळवदावरची माती किती आहे, काठी खुपसून मोजा. भिंतीला पोट आलं आहे का, ते कडेला उभं राहून, भिंतीच्या रेषेत बघून ठरवा. खांबाचा बुडखा नखाने किंवा सुरीच्या टोकाने टोचून पाहा. लाकूड भुसभुशीत लागलं तर तो कुजला आहे. खांब चांगला असेल तर सगळा बदलावा लागत नाही. टेकू देऊन, कुजलेला भाग कापून, चांगल्या लाकडाचा तुकडा जोडून देणारे सुतार अजून आहेत. भेग दिसली तर तिच्यावर आडवी कागदाची पट्टी चिकटवा आणि तारीख लिहा. पट्टी फाटली तर भेग वाढते आहे, म्हणजे वाट पाहायची नाही. त्या खोलीत झोपणं थांबवा आणि जाणकाराला बोलवा.

पैसे थोडे असतील तर क्रम लक्षात ठेवा. आधी टेकू, मग माळवदाचा भार, मग पाण्याची वाट, मग लाकूड, मग भिंत. रंग आणि गिलावा सगळ्यांत शेवटी. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. लग्न निघालं की आधी रंग.

आणि एक कागदाची गोष्ट. घर पाडायचं की ठेवायचं हे ज्याचं नाव कागदावर असतं तो ठरवतो. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ च्या उताऱ्यावर नवऱ्याच्या बरोबरीने बायकोचं नाव लागू शकतं. ज्या हातांनी घर वर्षानुवर्षं उभं ठेवलं, त्या हातांचं नाव उताऱ्यावर आहे का, तेही त्या फेरीत विचारून घ्या.

सगळी जुनी घरं टिकणार नाहीत, टिकवूही नयेत. जे घर जीवावर उठेल ते उतरवलंच पाहिजे. पण ते उतरवतानाही खांब, हस्त, तळखडे, चौकटी जपून काढा, लाकडाच्या भावाने भंगारात घालू नका. नव्या घराच्या ओसरीला ते खांब शोभतील, भारही घेतील. आणि जे घर थोड्या कामाने शंभर वर्षं उभं राहणार आहे, त्याच्यावर मृगाच्या आधी आणखी एक पाटी माती टाकण्यापूर्वी, आधीची किती आहे ते मात्र मोजून घ्या.

मोजलेलं वहीत लिहून ठेवा आणि पुढच्या कार्यक्रमाच्या वेळी आम्हाला कळवा. कुणाच्या माळवदावर किती माती निघाली, ते आपण सगळ्या मिळून ऐकू. नमस्कार.